वाकळीचे रंग आणि शिवणारीची अक्कल

मोठ्या शहरांतल्या प्रदर्शनात हल्ली गोधडी भिंतीवर टांगली जाते. तिला 'आर्ट क्विल्ट' म्हणतात आणि खाली डिझायनरचे नाव येते. आपल्या कोल्हापुरात हिलाच वाकळ म्हणतात. मंगळवार पेठेतल्या बोळात दुपारची कामे उरकून वाकळ पसरून बसणारी बाई कलाशाळेत गेलेली नसते. म्हणून तिला रंगातले काही कळत नाही, असे मानायचे काय?

ती काय करते ते नीट पाहावे. जुने सुती लुगडे ती आधी हातात चोळून बघते. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुतातून सुई सहज जाते. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आकसते, पॉलिस्टर आकसत नाही. दोन्ही शेजारी शिवले की वाकळीला झोळ पडतो. म्हणून नवे कापड भिजवून, वाळवून मगच घ्यावे. गडद लाल रंगाचा तर भरवसाच नसतो. ओली पांढरी चिंधी त्यावर घासावी. रंग उतरला तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावू नये. दसऱ्याआधी पंचगंगेवर वाकळा धुतल्या जातात, तिथे काही लपत नाही.

रंगांची जुळणी जमिनीवर होते. तुकडे मांडायचे, चार पावले मागे सरायचे, डोळे किलकिले करून बघायचे. मग रंगापेक्षा उजळ आणि गडद एवढेच दिसते आणि तोल कुठे गेला ते कळते. सगळेच भडक घेतले तर नजर ठरत नाही; दोन भडक तुकड्यांमध्ये एखादा विटका हवाच. (आपल्या लोकांना निळा प्रिय. पण सगळी वाकळ निळी केली तर निळा उठत नाही. शेजारी पिवळा तुकडा लावून पाहा!)

जुन्या कापडाची लाज वाटावी, याला इतिहास आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांच्या अंगावर प्रेताची वस्त्रे घातली. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली, ती अशाच खुणा पुसण्यासाठी. पण लादलेली चिंधी वेगळी आणि आपण निवडून जोडलेली वेगळी. मगधातली बांध घातलेली भातखाचरे पाहून, तशा जोडणीचे चीवर करता येईल का, असे भगवान बुद्धांनी आनंदाला विचारले. आनंदाने तुकडे जोडून ते केले, अशी विनयपिटकात नोंद आहे.

अमेरिकेत हॅरिएट पॉवर्स ही १८३७ साली गुलामगिरीत जन्मलेली काळी स्त्री. तिची चित्रांची गोधडी १८९१ साली तिला अवघ्या पाच डॉलरला विकावी लागली. घेणाऱ्या बाईने प्रत्येक चौकोनाचा अर्थ तिच्याकडून ऐकून लिहून ठेवला. आज ती गोधडी स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, तीही पॉवर्सच्या नावाने.

आपल्याकडे लिहून घ्यायला कोण येणार? शिवणारीनेच वाकळीच्या मागच्या कोपऱ्यात आपले नाव, पेठ आणि साल धाग्याने घालावे. आणि भाव सांगताना कापड व टाके एवढेच धरू नयेत, रंग निवडण्यात गेलेल्या दुपारीही मोजाव्यात.