शोधयंत्र आणि पंचगंगेचें पाणी

पावसाळा ऐन भरांत आला कीं करवीरकरांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो, “राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट?” पूर्वीं हा प्रश्न घाटाकडून येणाऱ्या माणसास विचारीत. आतां तो मोबाईलवरील शोधयंत्रास विचारला जातो आणि निमिषार्धांत उत्तरांची रांग उभी राहते. यंत्रानें त्याच क्षणीं सारें जग धुंडाळलें, असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुस्थिति तशी नाहीं.

कोल्हापुरांत १८५० सालीं स्थापन झालेलें करवीर नगर वाचन मंदिर आहे. अशा ग्रंथालयांत कोणी पुस्तक मागितलें, तर ग्रंथपाल सगळीं कपाटें उपसत बसत नाहीं. आधींच केलेली सूचि पाहतो. शोधयंत्राचें असेंच आहे. त्याचे संगणक एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर रात्रंदिवस फिरतात, सांपडलेल्या पानांच्या नकला आणतात, आणि कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे याची सूचि रचून ठेवतात. उत्तर मिळतें तें या सूचींतून. आपणांस ‘पंचगंगा’ आणि ‘पंचगंगेची’ हीं एकाच नदीचीं रूपें. यंत्रास मात्र तीं दोन निराळ्या अक्षरमाला. विभक्ति ओळखणें त्यास शिकवावें लागतें.

परंतु लक्षावधि पानें सांपडल्यास पहिलें कोणतें दाखवावें? अमेरिकेंत लॅरी पेज व सर्गे ब्रिन या दोघां विद्यार्थ्यांनीं १९९८ सालीं गूगल काढलें, त्यांची युक्ति मोठी व्यवहारी होती. ज्या पानाकडे इतर वजनदार पानें बोट दाखवितात, तें पान मोठें मानावें. पेठेंत सल्ला कोणाचा घ्यावा, हें लोकहि याच रीतीनें ठरवितात! पुढें पानाचा ताजेपणा, विचारणाऱ्याचें गांव, अशा अनेक गोष्टी हिशेबांत आल्या. माथ्यावर कधीं पैसे देऊन लाविलेल्या जाहिरातीहि असतात. तसें तेथें लिहिलेलें असतें, पण घाईंत तें वाचतो कोण? अलीकडे यंत्र अनेक पानांचा सारांश स्वतःच रचून देतें. त्याचाहि आधार बहुधा तींच पानें.

आतां पुराच्या दिवसांतील गोष्ट. बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. तो पूर इतका गाजला कीं त्याविषयींचीं पानें आजहि वर येऊं शकतात. उलट, ताशीं बदलणारा आकडा यंत्रानें सकाळीं टिपून नेला असेल, तर दुपारीं तोच दिसण्याचा संभव असतो. चिखली-आंबेवाडीच्या शेतकऱ्यास जनावरें हलवावयाचीं कीं नाहीं, हें त्या आकड्यावर ठरवावयाचें असतें. तीन फूट कमी दाखविणारें शिळें पान त्यास गोठ्यांतच अडकवून ठेवील. म्हणून शोधतांना साल व तारीख घालावी, पान उघडून त्यावरील वेळ पाहावी, आणि संशय आल्यास जिल्हा आपत्ति व्यवस्थापन कक्षास १०७७ या क्रमांकावर विचारावें.