वेली गुलाब आणि चांगला 'कंट्रोल' म्हणजे काय

'ला फ्रान्स' हा गुलाबी, सुवासिक गुलाब. गियो यांनी तो १८६७ मध्ये फ्रान्समध्ये आणला आणि पहिला हायब्रीड टी म्हणून तो ओळखला जातो. मूळ झाड झुडपासारखं. पण १८९३ मध्ये त्याचीच वेलीसारखी वाढणारी जात आली. फूल तेच, सुगंध तोच, फक्त फांद्या लांबच लांब. झाडाच्या एखाद्या फांदीत अचानक असा बदल होतो, तेव्हा त्याला 'स्पोर्ट' म्हणतात. ती फांदी कलम केली की नवी जात तयार!

आता संशोधकाच्या नजरेनं बघा. दोन वेगळ्या जातींच्या डीएनएमध्ये असंख्य फरक असतात. त्यातला नेमका कोणता कारणीभूत, हे कसं ओळखणार? स्पोर्ट आणि मूळ झाड मात्र जवळपास सारखंच. म्हणजे कंट्रोल आयताच मिळाला.

हायब्रीड टीच्या पूर्वजांपैकी एक म्हणजे 'ओल्ड ब्लश', हाही गुलाबीच. २०१२ मध्ये इवाता आणि सहकाऱ्यांनी त्याची झुडपी आणि वेली रूपं ताडून पाहिली. केएसएन हे जनुक फुलोऱ्याला ब्रेक लावतं. झुडपी रूपात या जनुकात एक ट्रान्सपोझॉन, म्हणजे डीएनएचा जागा बदलणारा तुकडा, घुसलेला असतो. ब्रेक निकामी, म्हणून प्रत्येक नवी फांदी फुलावर संपते: झाड बुटकं, बहर वारंवार. वेली रूपात त्या तुकड्याचा बराचसा भाग निघून गेला आणि ब्रेक पुन्हा लागू लागला. फांद्या आधी वाढतात, फुलं मुख्यतः पुढच्या वसंतात, जुन्या फांद्यांवर येतात. अशा वेलीची झुडपासारखी कडक छाटणी केली तर पुढचा बहरच कापला जातो, तो यामुळेच.

पण एका जोडीवरून सिद्ध झालं का? नाही. तो योगायोगही असू शकतो. म्हणून याच अभ्यासात रानस्ट्रॉबेरीही तपासली. तिथे सतत फुलणाऱ्या झाडांत याच जनुकाच्या भावंडातली डीएनएची फक्त दोन अक्षरं गळालेली सापडली. वेगळी वनस्पती, वेगळा बिघाड, परिणाम तोच. दाव्याला खरं वजन आलं ते इथे.

तरीही 'ला फ्रान्स'ची वेल याच कारणानं झाली, असं यावरून म्हणता येणार नाही. त्यासाठी तीच जोडी तपासावी लागेल.

प्रपोजल लिहिताना स्वतःला दोन प्रश्न विचारा: माझ्या दोन नमुन्यांत नेमका किती फरक आहे? आणि माझी 'स्ट्रॉबेरी' कोणती?