लसणाने कोलेस्टेरॉल उतरतं का?

मागच्या महिन्यात भाईंदरच्या घरी बाबांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. कारण? व्हॉट्सॲपवरचा मेसेज: रोज उपाशीपोटी दोन पाकळ्या लसूण.

मग मी शोधलं. लसूण ठेचला की ॲलिसिन तयार होतं. तो उग्र वास त्याचाच. पण २००७ मध्ये स्टॅनफर्डने १९२ जणांवर सहा महिने चाचणी केली, त्यात कच्च्या लसणानेही एलडीएल हललं नाही. २०१३ मध्ये ३९ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त होतं त्यांचं एलडीएल साधारण ९ अंकांनी उतरलेलं दिसलं. स्टॅटिनने मात्र ३० ते ५० टक्के उतरतं. म्हणजे १६० चं लसणाने १५१, गोळीने ११२ किंवा त्याहून कमी.

हा हिशोब दाखवल्यावर बाबांनी गोळी परत सुरू केली. चटणी आहेच! फक्त रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर जास्त लसूण खाण्याआधी डॉक्टरांना विचारा.