रांगेची किंमत कोणी मोजायची?

अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात खरेदी-विक्रीचे चित्र अगदी साधे असते. एका हाताने पैसे द्यावेत, दुसऱ्या हाताने वस्तू घ्यावी. नवी मोटार घेऊ इच्छिणाऱ्या मुंबईच्या उपनगरवासीयाचा अनुभव मात्र याहून निराळा असतो. अंधेरीच्या लिंक रोडवर किंवा घाटकोपर-मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर तो एखाद्या शोरूममध्ये जातो, अनामत रक्कम भरतो, पावती घेतो आणि वाट पाहू लागतो. मोटार कधी मिळेल, पसंत केलेला रंग मिळेल काय, यादीत आपला क्रमांक कितवा आणि अखेरीस किंमत किती पडेल, या प्रश्नांना त्या पावतीवर बहुधा उत्तर नसते. विचारणा केली तर विक्रेता कारखान्याकडे बोट दाखवितो आणि कारखाना सुट्या भागांच्या टंचाईकडे. मागणी अधिक व पुरवठा मोजका अशा दमदार, वेगवान मोटारींच्या बाबतीत ही अनिश्चितता शिगेला पोहोचते.

रांग ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. परवाना-नियंत्रणाच्या काळात मोटार आणि स्कूटर यांसाठी ग्राहकाने वर्षानुवर्षे वाट पाहिली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, आणि आकुर्डीची बजाज स्कूटर या दोन्हींची प्रतीक्षा प्रसिद्धच होती. किती गाड्या बनवाव्यात हे परवान्याने ठरत असे आणि मागणी त्याहून कितीतरी अधिक होती. त्यामुळे नोंदणी झालेली गाडी हाती पडताच 'ऑन' घेऊन विकण्याचा धंदा फोफावला. त्याला आळा घालण्यासाठी १९५९ च्या मोटार वितरण नियंत्रण आदेशाने नवी मोटार दोन वर्षांच्या आत परवानगीवाचून विकण्यास मनाई केली होती. ती व्यवस्था आदर्श होती असे कोणीही म्हणणार नाही. तथापि तिच्यातील एक तरतूद ध्यानात घेण्याजोगी आहे. स्कूटरची नोंदणी करणाऱ्याची अनामत टपाल कचेरीच्या बचत खात्यात त्याच्याच नावे राहत असे व ते खाते तारण ठेवले जाई. म्हणजे प्रतीक्षा लांबली तरी पैशावरचे व्याज ग्राहकाचेच असे.

१९८३ मध्ये मारुतीने नोंदणी सुरू केली, तेव्हा सुमारे ४७,५०० रुपये किमतीच्या मोटारीसाठी १०,००० रुपये अनामत घेतली गेली आणि अवघ्या दोन महिन्यांत लाखाहून अधिक लोकांनी ती भरली. एक लाख ग्राहक धरले तरी ही रक्कम शंभर कोटी रुपये होते. कारखान्यातून पहिली मोटार डिसेंबर १९८३ मध्ये बाहेर पडली. भांडवलाचा मोठा वाटा त्याआधीच भावी ग्राहकांनी पुरविला होता.

परवाने गेले की रांगा जातील, अशी त्यानंतरची समजूत होती. १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला. परंतु १९९६ मध्ये प्रीमियरने फियाट उनोची नोंदणी घेतली तेव्हा दोन लाखांहून अधिक मागण्या आल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात कामगार-तंटा उद्भवला, उत्पादन रखडले आणि ग्राहक ताटकळत राहिले. परवाना संपला होता, रांग संपली नव्हती.

आजच्या रांगेची कारणे वेगळी आहेत. कोविडनंतर जगभर सेमीकंडक्टर चिपची टंचाई झाली आणि मोटारींचे उत्पादन मंदावले. त्याच काळात, ३० जुलै २०२२ रोजी, महिंद्र स्कॉर्पिओ-एन या गाडीसाठी अर्ध्या तासात एक लाख नोंदण्या झाल्या. अनामत २१,००० रुपयांची व परत मिळण्याजोगी होती. जाहीर केलेली आरंभीची किंमत मात्र पहिल्या २५,००० ग्राहकांपुरतीच होती. उरलेल्यांनी गाडी हाती येईल त्या दिवशीची किंमत मोजायची होती. किंमत ठाऊक नसतानाही लोक रांगेत उभे राहिले, यावरून टंचाईच्या बाजारात ग्राहकाची सौदाशक्ती किती क्षीण होते हे दिसते.

आयात होणाऱ्या वेगवान मोटारींचा प्रकार तर आणखी निराळा. २०१८ च्या नियमानुसार उत्पादकाला वर्षाला २,५०० पर्यंत गाड्या येथील स्वतंत्र चाचणीवाचून आणता येतात. २०२५ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयच्या पहिल्या तुकडीत १५० आणि स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसच्या केवळ १०० गाड्या साऱ्या देशासाठी आल्या व हातोहात संपल्या. येथे टंचाई सरकारने लादलेली नाही. किती गाड्या आणायच्या हे उत्पादकच ठरवितो, आणि दुर्मिळता हेच वस्तूचे आकर्षण बनते.

पन्नास लाखांच्या मोटारीची वाट पाहणाऱ्याबद्दल शिक्षकाने किंवा कारकुनाने हळहळ का बाळगावी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु नोंदणीच्या कागदावरील अटींचे स्वरूप महागड्या मोटारीला एक व कर्ज काढून घेतलेल्या छोट्या गाडीला दुसरे, असे नसते. श्रीमंत ग्राहक अनामत विसरू शकतो. पगारदाराला ती विसरता येत नाही. शिवाय टंचाईचे भाडे कोणी ना कोणी वसूल करतोच. पूर्वी ते 'ऑन'च्या रूपाने दलालाकडे जाई. आता 'गाडी लवकर हवी असेल तर अमुक अॅक्सेसरीज घ्या, विमा आमच्याकडेच उतरवा' अशा सूचनेतून ते वसूल होऊ शकते, आणि तेही रीतसर पावतीनिशी.

पोलादाचे वा चिपचे भाव आमच्या हाती नाहीत, मग किंमत आधीच कशी बांधून द्यावी, असा उत्पादकांचा युक्तिवाद असतो. त्यात तथ्य नाही असे नाही. पण तो धोका ग्राहकाच्या तरी हाती कोठे आहे? कच्च्या मालाचे दीर्घ मुदतीचे करार कारखाना करू शकतो. बोरिवलीचा नोकरदार करू शकत नाही. ज्याला धोका पेलता येतो त्याने तो उचलावा, हाच अर्थशास्त्राचा न्याय होय. करांचे बदल तेवढे वेगळे ठेवावेत. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. असा लाभ ग्राहकाला मिळाला पाहिजे, आणि कर वाढल्यास त्याचा भारही त्याने सोसला पाहिजे.

१९८६ च्या आणि नंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दाद मागण्याची सोय केली आहे. २०१९ च्या कायद्यात तर अन्याय्य कराराची व्याख्याही आहे. परंतु एकेका ग्राहकाने वांद्र्याच्या उपनगर जिल्हा आयोगापुढे जाऊन वर्षे घालवावीत, हा उपाय अपुरा आहे. अनामतीच्या रकमेपेक्षा रजेचे दिवसच महाग पडतील. म्हणून नोंदणीचा नमुनाच कायद्याने ठरवून द्यावा. त्यात प्रतीक्षायादीतील क्रमांक असावा व तो ग्राहकाला केव्हाही पाहता यावा. गाडी देण्याची अंतिम तारीख असावी. कर वगळता किंमत नोंदणीच्या दिवशीची असावी. अनामतीवर बँकेच्या दराने व्याज मिळावे. आणि तारीख उलटल्यास रक्कम व्याजासह, कोणतीही कपात न करता, ठराविक दिवसांत परत मिळावी. विमा व अॅक्सेसरीज यांची सक्ती नाही, हे त्याच कागदावर ठळक अक्षरांत छापले जावे.

यांतील एकाही अटीने कारखान्याचे चाक थांबणार नाही. प्रतीक्षा फुकट असते तोवर ती कमी करण्याची घाई विक्रेत्याला नसते. तिच्यासाठी त्याला व्याज मोजावे लागले, की तारखा आपोआप खऱ्या होऊ लागतील. नियंत्रणाच्या काळातल्या ग्राहकाला निवड नव्हती, पण टपाल कचेरीतले व्याज त्याचे होते. आजच्या ग्राहकाला निवड मिळाली आहे. त्याच्या पैशाचे आणि वेळेचे मोलही त्याला मिळावे, एवढीच मागणी आहे.