बोट वाकले तर वेळ घालवू नका

धार काढणे, खुरपणे, भाकरी थापणे, दोर वळणे, कापूस वेचणे ही सगळी कामे पंजा मोकळा उघडत असेल तरच नीट होतात. तरीही करंगळी किंवा तिच्या शेजारचे बोट वाकू लागले, तर पुष्कळ घरांत ते वर्षानुवर्षे तसेच वागवले जाते. दुखत नाही ना, मग कशाला दवाखाना, असे म्हणतात. कुणी तेल चोळून बोट ओढायला सांगतो, कुणी वाताचे निदान करतो, तर कुणी नशिबाला बोल लावतो. इकडे सांधे आखडत जातात आणि लवकर गेल्यास सोपे झाले असते ते काम अवघड होऊन बसते.

घरी करावयाची परीक्षा

दोन्ही हात जोडून नमस्कार करा. तळवे आणि बोटे एकमेकांना पूर्ण चिकटतात का, की मध्ये फट राहते? मग पंजा पाटावर पालथा ठेवून दाबा. तो सपाट टेकतो का? टेकत नसेल तर तिसरी गोष्ट पाहा. वाकलेले बोट दुसऱ्या हाताने हलकेच सरळ करता येते का? ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची. बोट सरळ होत असेल तर सांधा अजून मोकळा आहे, म्हणजे उपचाराला चांगली वेळ आहे. होत नसेल तर कातडी, कंडरा किंवा सांधा आखडला आहे. अशा वेळी जोर करू नका. उपाय तेव्हाही असतो, पण उशीर जितका अधिक तितका गुण कमी.

कारणे निरनिराळी

*भाजल्याचा वण.* रांगते मूल तापलेला तवा धरते किंवा उकळत्या पाण्यात हात घालते. जखम भरते, पण वण आवळत जातो आणि बोटे तळव्याकडे ओढली जातात. मूल वाढते तशी हाडे वाढतात, वणाची कातडी मात्र तेवढी वाढत नाही. म्हणून मुलांच्या बाबतीत दिरंगाई अधिक महागात पडते. भाजल्याबरोबर हात वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. हळद, शाई, टूथपेस्ट लावू नये. प्रत्येक बोटाला वेगळी पट्टी बांधून घ्यावी, नाहीतर बोटे एकमेकांना चिकटतात. जखम भरत असतानाच पट्टीचा आधार आणि व्यायाम कसा द्यायचा, हे डॉक्टरांना विचारावे. वण आवळलाच, तर तो मोकळा करून तेथे दुसरीकडची कातडी लावता येते.

*मज्जातंतूचा बिघाड.* करंगळी आणि शेजारचे बोट पंज्यासारखे वाकते, तेथे बधिरपणा येतो, अंगठ्याशेजारचे मांस झडते. कोपराला मार लागून असे होऊ शकते, तसेच कुष्ठरोगातही होते. मात्र प्रत्येक वाकडे बोट म्हणजे कुष्ठरोग नव्हे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही लक्षात ठेवावे. तो निघाला तरी लपवण्याचे कारण नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची औषधे फुकट मिळतात, ठरावीक महिन्यांत रोग बरा होतो, आणि औषध सुरू झाले की घरच्यांना लागण होण्याची भीती राहत नाही. बधिरपणा किंवा अशक्तपणा येऊन सहा महिने झाले नसतील, तर औषधाने मज्जातंतू पुष्कळदा सावरतो. म्हणून येथे एक आठवडाही दवडू नये.

*बोट अडकणे.* सकाळी उठल्यावर बोट वाकलेलेच राहते आणि खटकन सुटते. मधुमेह असणाऱ्यांत हे अधिक आढळते. इंजेक्शनने किंवा लहानशा शस्त्रक्रियेने ते बहुधा बरे होते.

*तळव्यातली गाठ.* तळव्याच्या कातडीखाली गाठी आणि ताठ दोऱ्या तयार होतात आणि बोट हळूहळू ओढले जाते. पॅरिसचे शस्त्रवैद्य ड्युपिट्रन यांनी १८३१ साली यावर शस्त्रक्रिया केली, म्हणून हा विकार त्यांच्या नावाने ओळखला जातो. उत्तर युरोपातील लोकांत तो पुष्कळ आढळतो. आपल्याकडे तो कमी, पण उतारवयात आणि मधुमेहात दिसतो. चोळून तो जात नाही. बोट वाकू लागले की सुईने किंवा शस्त्रक्रियेने ती दोरी सोडवतात.

हे शास्त्र आपल्याच देशात वाढले

तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटे आपोआप गळतात, अशी तेव्हा समजूत होती. बधिर हाताला चटका बसलेला, काटा रुतलेला कळत नाही आणि त्या जखमांनी बोटे जातात, असे त्यांनी दाखवून दिले. हाताच्या चांगल्या स्नायूची कंडरा वाकड्या बोटांना जोडून त्यांनी बोटे पुन्हा कामाला लावली. महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याला आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरोग्यांवर अशा शस्त्रक्रिया केल्या. मात्र कंडरा जोडायची तर सांधे मोकळे असावे लागतात. वर सांगितलेल्या तिसऱ्या परीक्षेचे महत्त्व ते हेच.

जावे कोठे?

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि तेथून चिठ्ठी घ्या. जिल्हा रुग्णालयात हाडांचे डॉक्टर असतात. वणासाठी आणि कंडरांसाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग विचारावा. हे नाव ऐकून केवळ चेहरा सुंदर करणारे डॉक्टर अशी समजूत करून घेऊ नये. हाताच्या शस्त्रक्रिया हे त्यांचे मोठे काम असते. जाताना जुने कागद, रक्तातील साखरेचा तपास आणि रेशनकार्ड बरोबर घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. कुष्ठरोगाने आलेल्या विकृतीच्या शस्त्रक्रियेसाठी शासनाचे अर्थसाहाय्यही असते.

डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा. बोट कितपत सरळ होईल? हात किती दिवस कामातून जाईल? पुढचे व्यायाम कोण शिकवील?

खरी कसोटी नंतर

शस्त्रक्रिया झाली की काम संपले असे नाही. कंडरा जोडल्यावर साधारण तीन-चार आठवडे प्लास्टर असते आणि मग काही आठवडे रोज व्यायाम. जड ओझे पुष्कळ दिवस वर्ज्य. घाई करून नांगर किंवा कुदळ धरली, तर केलेले काम वाया जाते. म्हणून ज्यांची शस्त्रक्रिया थांबू शकते, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुगी आटोपल्यावरची तारीख घ्यावी आणि धारेची, पाण्याची पाळी घरात आधीच वाटून द्यावी. घरातील बाईचा हात असेल, तर चूल आणि धुणेभांडी कोण सांभाळणार, हेही पुरुषांनी आधीच ठरवावे. नाहीतर तिचा व्यायाम पहिल्या आठवड्यातच बंद पडतो.

बधिर हाताने काम करणाऱ्यांनी गरम भांडे कापडाने धरावे, विळ्या-खुरप्याची मूठ जाड करून घ्यावी आणि रोज रात्री हात पाण्यात भिजवून तेल लावावे. निजण्यापूर्वी एकदा तळवे उजेडात पाहावेत. जे हाताला कळत नाही, ते डोळ्यांनी पाहावे लागते.