रॉबर्ट बर्ड : पश्चात्ताप ओळखायचा कसा?

मागच्या वेळी आपण पश्चात्तापाविषयी बोललो. आज एक उदाहरण घेऊ. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड १९५९ ते २०१० अशी ५१ वर्षं अमेरिकी सिनेटमध्ये होते. तरुणपणी ते कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेत. १९६४ साली नागरी हक्क विधेयक अडवायला हे गृहस्थ १४ तासांहून अधिक बोलत राहिले. (आम्हाला तासाभरातच पाणी लागतं!) पुढे त्यांनी क्लॅनबद्दल वारंवार माफी मागितली, २००८ मध्ये ओबामांना पाठिंबा दिला. मन बदललं म्हणायचं, की वारं ओळखलं? आम्हाला वाटतं, इथे २००२ साल पाहावं. तेव्हा वारं युद्धाच्या बाजूने होतं, तरी इराकच्या ठरावाला त्यांनी विरोध केला. युद्धाचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिलाय, तो अध्यक्षांच्या हाती सोपवू नका, हा त्यांचा मुद्दा. घटनेची छोटी प्रत त्यांच्या खिशात असायची. आता अडचण अशी, की १९६४ मध्येही विधेयकाचे विरोधक घटनेचाच दाखला देत होते.