वाकडचं पान, वाघोलीचं पान

‘वाकडमध्ये खात्रीचा प्लंबर हवाय? वाकडकरांची पहिली पसंती आम्हीच! अनुभवी कारागीर, वाजवी दर, चोवीस तास सेवा.’ घरगुती दुरुस्तीची कामं घेणाऱ्या वेबसाइटांवर या धाटणीचा मजकूर हमखास सापडतो. त्याच वेबसाइटचं बाणेरचं पान उघडलं तर वाकडच्या जागी बाणेर आलेलं असतं, वाघोलीचं उघडलं तर वाघोली. बाकी शब्द तेच, हसऱ्या कारागिराचा विकतचा फोटोही तोच. अशी चाळीस-पन्नास पानं एका दुपारी तयार होतात आणि त्यातून एकाही वाघोलीकराला उपयोगाचं काही कळत नाही.

अशा पानांमागची गरज मात्र खरी आहे. किराणा दुकानदाराचं गिऱ्हाईक दुकानात चालत येतं. प्लंबर, एसी मेकॅनिक, पेस्ट कंट्रोलवाला, टाकी धुणारा यांना गिऱ्हाइकाच्या दारी जावं लागतं. पुण्यात गाळा कोथरूडला असतो, कामं औंधपासून हडपसरपर्यंत. इंटरनेटवरची नोंद मात्र एकाच ठिकाणाची, गाळ्याची. मग हडपसरमध्ये कुणी मोबाइलवर एसी दुरुस्तीवाला शोधला, तर तिथे आठवड्यातून चार कामं करणारा हा माणूस त्याला दिसतच नाही.

भागानुसार कारागीर शोधण्याची सवय आपल्याकडे इंटरनेटच्या आधीची आहे. १९९६ साली मुंबईत जस्टडायल सुरू झालं ते फोनवर. कोणती सेवा हवी आणि कुठल्या भागात, एवढं सांगितलं की पलीकडून नावं-नंबर मिळायचे. २००५मध्ये गूगल मॅप्स आले. फेब्रुवारी २०१२मध्ये गूगलने आपल्या शोधयंत्रात ‘व्हेनिस’ नावाचा बदल केला. तेव्हापासून शोधताना गावाचं नाव लिहिलं नाही तरी माणूस कुठून शोधतोय हे ओळखून साध्या निकालांतही जवळपासची पानं वर येऊ लागली. २०१४मध्ये व्यावसायिकांसाठी ‘गूगल माय बिझनेस’ ही मोफत नोंद सुरू झाली. २०२१च्या नोव्हेंबरपासून तिचं नाव ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ आहे.

स्थानिक निकाल लावताना गूगल तीन गोष्टी पाहतं, आणि हे त्यांनी उघड सांगितलेलं आहे: विचारलेल्या कामाशी व्यवसायाचा मेळ, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि व्यवसायाचा नावलौकिक. नकाशाशेजारच्या चौकटीत पूर्वी सात नावं दिसत, ऑगस्ट २०१५पासून तीनच दिसतात. २०२१च्या अखेरीला या निकषांचा तोल आणखी बदलला. त्यानंतर अंतराला पूर्वीपेक्षा जास्त वजन आलं, असं या क्षेत्रावर नजर ठेवणाऱ्या जाणकारांचं निरीक्षण आहे. कोथरूडच्या माणसाने हडपसरच्या तीन नावांत शिरणं त्यामुळे फार अवघड झालं. त्याला जागा उरते ती चौकटीखालच्या साध्या निकालांत, आणि तिथे वर यायचं तर हडपसरबद्दल सांगण्यासारखं काहीतरी त्याच्या वेबसाइटवर असावं लागतं.

इथे दोन पळवाटा निघतात. पहिली खोट्या पत्त्याची. एखाद्या ओळखीच्याच्या दुकानाचा किंवा भाड्याने मिळणाऱ्या कागदोपत्री ऑफिसचा पत्ता टाकून हडपसरची वेगळी नोंद करायची. नियमांत हे बसत नाही. जिथे आपला माणूस कामाच्या वेळेत बसत नाही, त्या जागेची नोंद चालत नाही, आणि पकडली गेली तर प्रोफाइल बंद होऊ शकतं. घरोघर जाणाऱ्यांसाठी सरळ सोय आहे. प्रोफाइलवर पत्ता झाकायचा आणि कामाचे भाग नोंदवायचे. असे जास्तीत जास्त वीस भाग देता येतात, आणि ते साधारण दोन तासांच्या गाडीप्रवासाच्या आत असावेत अशी अपेक्षा आहे. भाग नोंदवले म्हणून त्या भागांत आपोआप वरचा क्रमांक मिळत नाही, हे मात्र लक्षात ठेवलेलं बरं.

दुसरी पळवाट सुरुवातीला पाहिली तीच, गावाचं नाव बदलून एकच पान पन्नास वेळा छापण्याची. तिचा इतिहास बोधप्रद आहे. २००६च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट गूगलने काही दिवसांसाठी निकालांतून काढून टाकली होती. कारण होतं दाखवायला एक आणि उघडायला दुसरी अशी पानं. शोधयंत्राला वाचायला ‘जुनी गाडी’ या अर्थाचा शब्द पुन्हा पुन्हा कोंबलेलं पान होतं, आणि माणूस आला की त्याला भलत्याच पानावर नेलं जाई. एवढ्या मोठ्या कंपनीची गय झाली नाही. केवळ शोधणाऱ्यांना गोळा करून एकाच ठिकाणी ढकलणाऱ्या अशा पानांना ‘डोअरवे’ म्हणतात. मार्च २०१५मध्ये त्यांच्याविरुद्धचे नियम आणखी कडक झाले. एकेका शहराच्या नावाने केलेली आणि सगळ्यांना एकाच पानाकडे नेणारी जवळजवळ सारखी पानं त्या नियमांत स्पष्ट नमूद आहेत. मार्च २०२४मध्ये आणखी एक कलम आलं. निकालांत वर येण्यासाठीच घाऊक प्रमाणात काढलेला निरुपयोगी मजकूर त्याने निषिद्ध ठरवला, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. आज एका आज्ञेत दोनशे पानं लिहून देणारी साधनं कुणाच्याही हाताशी आहेत, म्हणून या कलमाकडे छोट्या व्यावसायिकांनी गांभीर्याने पाहायला हवं.

नियमांचा धाक हा झाला एक भाग. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की कारागिराकडे प्रत्येक भागाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ असतं आणि ते कुणी त्याला विचारतच नाही.

वाकड आणि वाघोली हीच दोन ठिकाणं घेऊ. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतं. तिथे पवना धरणाचं पाणी, आणि २०१९च्या नोव्हेंबरपासून शहरात पाणी दिवसाआड. त्यामुळे जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, पंप आणि फ्लोट व्हॉल्व्ह यांवर सोसायटीचा सगळा संसार चालतो. फ्लोट अडकला तर पाणी येतं त्या दिवशी ते गच्चीवरून वाहतं आणि दुसऱ्या दिवशी नळ कोरडे. उंच इमारतींत खालच्या मजल्यांना पाण्याचा दाब जास्त येतो, म्हणून दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवलेले असतात. ते बिघडले की फ्लशच्या टाक्या आणि नळांची जोडणी गळू लागते. वाघोलीचं दुखणं वेगळं. २०२१च्या जूनअखेर तेवीस गावं पुणे महापालिकेत आली, त्यांत वाघोली होतं. इमारती आधी उभ्या राहिल्या, जलवाहिन्या मागून येताहेत. अनेक सोसायट्यांची भिस्त बोअरवेलवर आणि टँकरवर आहे. बोअरचं पाणी जड, त्याचा पांढरा थर गिझरच्या कॉइलवर साचतो, नळाच्या जाळ्या बुजतात, शॉवरची निम्मी भोकं बंद होतात. गिझर किती महिन्यांनी उघडून साफ करावा, याचं उत्तर या भागात कोथरूडपेक्षा वेगळं असतं.

आणि पुण्याच्या पेठांत गेलं की तिसरंच जग. जुन्या वाड्यांत आणि चाळींत आतून गंजलेले लोखंडी पाइप, एकाच नळजोडावर चार बिऱ्हाडं, अरुंद बोळ. तिथे चारचाकी आत जात नाही, सामान दुचाकीवर न्यावं लागतं. गणेशोत्सवात रस्ते बंद असतात, तेव्हा कोणत्या वेळी येता येईल हे सांगणारा प्लंबर सदाशिव पेठेतल्या आजींना खरा आपला वाटेल.

हे सगळं वाकडच्या, वाघोलीच्या, पेठांच्या पानावर यावं. त्या भागात नेहमी निघणारी कामं कोणती, त्यांची कारणं काय, अंदाजे खर्च किती, बघायला येण्याचे पैसे घेणार की नाही, आणि घेतले तर कामाच्या बिलातून वजा होणार की नाही. बऱ्याच सोसायट्यांत दुपारच्या वेळी आवाजाचं काम करू देत नाहीत, फाटकावर मोबाइल अ‍ॅपमधून परवानगी घ्यावी लागते. त्याचा हिशोब धरून कोणती वेळ बरी पडते तेही सांगावं. त्याच भागात केलेल्या कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो असावेत, घरमालकाच्या परवानगीने आणि घराचा पत्ता न दाखवता. जे काम आपण करत नाही, तेही लिहावं. वाघोलीला रात्री दहानंतर येणं जमत नसेल, तर ‘चोवीस तास’ लिहिण्याचं काहीच कारण नाही.

धंदा बदलला की हा तपशीलही बदलतो. समुद्राजवळच्या वस्तीत एसीचं बाहेरचं युनिट खाऱ्या हवेने लवकर गंजतं, त्यामुळे वसई किंवा अलिबागच्या पानावर त्या कॉइलच्या निगेबद्दल लिहिणं गरजेचं. नवी मुंबईत वाशी, नेरूळ, खारघर प्रत्येकाचे आपापले सेक्टर आहेत आणि आकडे पुन्हा पुन्हा तेच येतात. नुसतं ‘सेक्टर १५’ लिहिलं तर कुणाला काही बोध होत नाही. पेस्ट कंट्रोलचं काम करणाऱ्याला कीटकनाशक कायद्याखालचा परवाना लागतो. तो क्रमांक पानावर दिसला तर घरात औषध मारून घेणाऱ्या माणसाला त्याचा मोठा आधार असतो.

मग पान नेमक्या कुठल्या हद्दीचं करायचं? पिन कोड ही सोपी वाट वाटते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात लागू झालेली ही पद्धत केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. पण पिन कोड टपाल वाटपाच्या सोयीसाठी आखलेला आहे. माणूस ‘सिंहगड रोडला राहतो’ असं म्हणतो आणि त्या दोन शब्दांत आनंदनगर, वडगाव, धायरी सगळं येतं. लोक आपल्या भागाला जे म्हणतात, त्या नावाने पान असावं, आणि आतले उपभाग मजकुरात ओघाने यावेत. रोमन लिपीत हिंजवडी किंवा डोंबिवली लोक वेगवेगळ्या पद्धतीने लिहितात. शीर्षकात एक रूप ठेवून दुसरं मजकुरात एकदा आलं तरी पुरे. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३मध्ये, अहिल्यानगर हे २०२४मध्ये अधिकृत झालं. जुन्या नावाने शोधणारे बरीच वर्षं राहतील, म्हणून अशा शहरांच्या पानावर दोन्ही नावं असणं सोयीचं. मराठीत शोधणाऱ्यांसाठी मराठी पान स्वतंत्र लिहावं. यंत्राने केलेलं भाषांतर वाचताना घरच्या माणसाशी बोलल्यासारखं वाटत नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. व्यवसायाचं नाव आणि फोन नंबर सगळीकडे एकसारखा असावा. प्रोफाइलच्या नावात ‘वाकड बाणेर बेस्ट प्लंबर’ असं कोंबू नये, तेही नियमाविरुद्ध आहे. ही पानं मुख्य पानावरून सहज उघडता यायला हवीत, कुठेतरी लपवलेली नकोत. मोबाइलवर पान लवकर उघडावं आणि फोनचं बटण वरच दिसावं. २०११मध्ये मोठ्या शोधयंत्रांनी मिळून ‘स्कीमा’ ही माहिती मांडण्याची सामाईक पद्धत आणली. व्यवसायाचा प्रकार, वेळ, कामाचे भाग तिच्या साच्यात भरले की यंत्राला ते नीट वाचता येतात. वेबसाइट करून देणाऱ्याकडून हे आवर्जून करून घ्यावं.

खोट्या माहितीचा त्रास शेवटी सामान्य माणसाला होतो. २०१८मध्ये ठाण्यात नकाशावरच्या नोंदीत एका बँकेच्या शाखांचे फोन नंबर बदलून भामट्यांनी ग्राहकांना फसवल्याचं उघड झालं होतं. नळदुरुस्तीला बोलावलेला माणूस तर थेट घरात येतो, आणि त्या वेळी घरी अनेकदा एकटी बाई किंवा वृद्ध माणूस असतो. पानावर दुकानाचा खरा पत्ता, मालकाचं नाव, परवाना आणि त्याच भागातल्या ग्राहकांचे अभिप्राय असणं म्हणूनच फार मोलाचं आहे.

गूगलच्या मोफत नोंदीबरोबर मिळणाऱ्या छोट्या वेबसाइटवर अनेकांनी काम भागवलं होतं. मार्च २०२४मध्ये त्या बंद झाल्या. स्वतःच्या नावाचं डोमेन वर्षाला थोडक्या खर्चात मिळतं आणि त्यावर लिहिलेली पानं आपली राहतात. सुरुवात तीन-चार भागांपासून करावी, जिथे खरोखर कामं होतात तिथून. आलेला प्रत्येक फोन कुठल्या भागातून आला आणि त्या माणसाने नंबर कुठे पाहिला, हे वहीत टिपावं. तीन-चार महिन्यांत चित्र दिसू लागतं. एखाद्या भागातून फोन येतात, पण दर वेळी ‘तिकडे येणं जमणार नाही’ असंच सांगावं लागत असेल, तर ते पान काढून टाकावं. आणि पान नसतानाही जिथून कामं येत राहतात, त्या भागाचं पान पुढच्या महिन्यात लिहायला घ्यावं, तिथे रोज जाणाऱ्या कारागिराला शेजारी बसवून.